जुन्या जीपला दुसरं इंजिन बसवताना आटे, बोल्ट, बेल हाउसिंग कसं जुळवायचं?

मळेकरी
राम राम मंडळी.

आमची जीप सीजे ३बी, आरसीवर साल १९६८. आजोबांनी घेतलेली, दिंडोरीच्या मळ्यात असते. मूळ पेट्रोल इंजिन, हरिकेन. दोन वर्षांपूर्वी नांदुरीहून गडावर चढताना उकळली आणि कुणीतरी (म्हणजे मीच) तापल्या इंजिनात गार पाणी ओतलं. तेव्हापासून पाणी पिते आणि पांढरा धूर सोडते. मिस्त्रीने हेड उतरवून बघितलं. एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या सीटपाशी ब्लॉकला तडा आहे म्हणाला.

ओळखीतून एक डिझेल हाफ इंजिन मिळालं, एक्सडीपी ४.९०. फारसा विचार न करता उचललं. किंमत सांगत नाही, हसाल. सोबत एक गोणी आली, तिच्यात नट, बोल्ट, स्टड, दोन ब्रॅकेट आणि एक मेलेली पाल. गिअरबॉक्स मात्र माझा जुना तीन गिअरचाच, टी-९० ठेवायचाय. म्हणजे मधलं बेल हाउसिंग, इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणारं घंटेसारखं कवच, जुळवणं आलं.

घोटाळा असा की गोणीतले निम्मे बोल्ट ब्लॉकच्या भोकात दोन-तीन फेरे जातात आणि अडकतात. उरलेले सुळकन आत जातात पण डुगडुगतात. मिस्त्री म्हणतो, "होऊन जाईल शेठ, लेथवर जुळवू." हे 'होऊन जाईल' ऐकलं की माझ्या पोटात गोळा येतो. नक्की काय काय जुळवावं लागतं? कुठे काटकसर चालते आणि कुठे नाही?

निफाडकर
फोटो टाका. पालीचा नको.

टिवल्याबावल्या
मुलगा अमेरिकेचा, मुलगी फ्रान्सची, लग्न दिंडोरीत. आणि सोयरीक मोडतेय कशावरून, तर आट्यांवरून!

साडेतीन_सूत
टिवल्या, तू गमतीत बोललास पण खरं तेच आहे.

मळेकरी, आधी तो पाना खाली ठेव. अडकलेला बोल्ट पाइप लावून पिळू नकोस. ब्लॉकचे आटे गेले की बोल्टाची नाही, ब्लॉकची किंमत मोजशील.

तुझी जीप जन्माने अमेरिकन, म्हणजे इंची आटे. डिझेल इंजिन प्यूजोचं, म्हणजे मिलिमीटर. आपल्या भाषेत सुती आणि एमएम. दोन्हींच्या आट्याचा कोन ६० अंशांचाच, त्यामुळे डोळ्याला फरक कळत नाही. फरक पिचमध्ये, म्हणजे दोन आट्यांमधल्या अंतरात. अडीच सुती बोल्ट म्हणजे ७.९४ मिमी. एम ८ त्याचा जुळा भाऊ दिसतो, पण एम ८ चा साधा पिच १.२५ आणि अडीच सुती जाड आट्याचा १.४१. दोन-तीन फेरे प्रेमाने जातो, मग अडतो. तुझं तेच होतंय.

तीन सुती (९.५२ मिमी) आणि एम १० ची जोडी त्याहून घातकी. जाड आट्याचा तीन सुती बोल्ट एम १० च्या भोकात आरामात जातो, हाताला घट्टही लागतो, आणि खरा ताण दिला की आटे सोलून बाहेर येतो. डुगडुगणारे ते हेच असणार. हे बोल्ट घरात ठेवूच नकोस.

ओसरीवर गोणपाट पसर, गोणी ओत आणि तीन ढीग कर: सुती, एमएम आणि संशयित. आट्यांचं अंतर बघायला पिच गेज आणि जाडी मोजायला व्हर्नियर, एवढंच लागतं. सातपूरला पस्तीस वर्षं फिटर होतो, तरी आजही मी आटे डोळ्याने ओळखत नाही. गेज लावतो.

नवशिक्या
काका, सूत म्हणजे किती? मी आजवर 'एका सुताने हुकलं' हे नुसतं बोलण्यातच वापरलंय.

साडेतीन_सूत
इंचाचा आठवा भाग. आठ सूत म्हणजे एक इंच. चार सूत म्हणजे अर्धा इंच. माझं टोपणनाव कुठून आलं ते आता कळलं असेल. ७/१६ चा पाना आमच्या खात्यात कायम माझ्याच पेटीतून चोरीला जायचा.

निफाडकर
वरच्याला पुस्ती. इंजिनाचं कूळ ओळखायला मी एक खेळ करतो, सिलिंडरचं माप बघतो. एक्सडीपी ४.९० या नावातच चार सिलिंडर आणि ९० मिमी बोअर (सिलिंडरचा व्यास) आहे. स्ट्रोक (पिस्टनची धाव) ८३, एकूण २११२ सीसी. सगळे आकडे मिलिमीटरात गोल. महिंद्राने १९७९ साली प्यूजोकडून याचा परवाना घेतला. माझ्या एमएम ५४० मध्ये हेच आहे.

आता जुन्या बोलेरोतलं डीआय इंजिन घ्या, २५२३ सीसी. बोअर ८८.९, स्ट्रोक १०१.६. असले वेडेवाकडे आकडे कशाला, असं वाटतं ना? इंचात करा, साडेतीन आणि चार! ते इंटरनॅशनलच्या ट्रॅक्टरच्या घराण्यातलं आहे. तुमचं हरिकेनही तसंच, ३ १/८ बाय ४ ३/८ इंच.

पण खेळ तो खेळच. इंची घराण्याच्या इंजिनावर पुढे बसवलेला अल्टरनेटर आणि त्याचं ब्रॅकेट एमएम असू शकतं. एकाच इंजिनावर दोन्ही पानेपेट्या लागतात.

गोदाकाठी
मला तांत्रिक काही कळत नाही, पण १९६८ ची सीजे ३बी आणि तिच्या पोटात डिझेल? त्या गाडीचं बॉनेट एवढं उंच केलं तेच मुळी हरिकेनसाठी. जुन्या बुटक्या बॉनेटखाली ते इंजिन मावत नव्हतं. इंजिन काढलंत तर ते नाक कशासाठी उरलं?

आमच्या वडिलांची अशीच होती. भद्रकालीतल्या बोळातून ती आली की आवाजावरून आई चहाचं आधण ठेवायची. डिझेलचा खडखडाट ऐकून कुणी आधण ठेवेल का?

टिवल्याबावल्या
डिझेल दोन बोळ आधीच ऐकू येतं. चहा उकळून तयार मिळेल.

चक्रधर
मूळ प्रश्न 'कुठे काटकसर चालते' असा होता, त्यावर माझी चूक सांगतो. म्हणजे तुमची वाचेल.

मी असाच उद्योग केला होता, इंजिन एका घराण्याचं आणि गिअरबॉक्स दुसऱ्याचा. मध्ये लोखंडी अडॅप्टर प्लेट. लेथवाल्याने प्लेट सुंदर केली, भोकं अचूक. चेन कुप्पी लावून इंजिन बसवलं, एका सेल्फला सुरू झालं, पेढे वाटले. सिन्नरपर्यंत जाऊन आलो. तिसऱ्या आठवड्यात टॉप गिअर आपोआप निसटायला लागला. तीन महिन्यांत गिअरबॉक्सच्या पुढच्या बेअरिंगचा भुगा.

कारण असं. प्लेट जितकी जाड, तितकं इंजिन गिअरबॉक्सपासून पुढे सरकतं. गिअरबॉक्सच्या शाफ्टचं टोक क्रँकच्या मागच्या भोकात, पायलट बुशमध्ये टेकायला हवं. माझ्यात ते जेमतेम तोंडाशी पोचत होतं. एका बाजूने आधार नाही म्हटल्यावर शाफ्ट आत डोलणार नाही तर काय.

म्हणून पहिलं काम: गिअरबॉक्सच्या तोंडापासून शाफ्ट किती बाहेर आहे, क्रँकचं भोक किती आत आहे, प्लेट किती जाड होणार, हे कागदावर मांडा. बुशचं आतलं माप शाफ्टच्या टोकाचं, बाहेरचं माप क्रँकच्या भोकाचं. बहुतेक वेळा नवा लांब बुश करून घ्यावा लागतो. तो पितळी भंगारातून नको, गनमेटल घ्या.

दुसरं म्हणजे डॉवेल. माझ्या प्लेटला डॉवेल पिनाच नव्हत्या. "आठ बोल्ट आहेत की, अजून काय पायजे?" असं लेथवाला म्हणाला आणि मी मान डोलावली.

साडेतीन_सूत
चक्रधर, हे अगदी वर्मावर बोट. बोल्ट दाबून धरतो, जागा ठरवत नाही. बोल्टाचं भोक मुद्दाम अर्धा-एक मिमी सैल असतं. जागा ठरवतो डॉवेल. डॉवेल नसलेलं बेल हाउसिंग म्हणजे खिळ्याला टांगलेला फोटो, रोज थोडा तिरका.

तपासायचं कसं: फ्लायव्हीलवर (क्रँकच्या मागच्या जड चाकावर) डायल गेजचं चुंबकी बूड बसव, काटा बेल हाउसिंगच्या मधल्या गोल भोकाच्या कडेला टेकव आणि क्रँक हाताने एक पूर्ण फेरा फिरव. काट्याची एकूण हालचाल पाच थाउच्या आत हवी, म्हणजे साधारण ०.१३ मिमी. जास्त आली तर डॉवेलची जागा सरकवायची, बोल्ट आवळून चालत नाही.

नवशिक्या
थाउ??

टिवल्याबावल्या
काका, आता याच्यासाठी वेगळा धागा काढा. 'सूत, थाउ आणि आपण'.

ओझरची_लेक
थाउ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. बाबा विमान कारखान्यात होते, त्यामुळे आमच्याकडे पोळीची जाडीसुद्धा थाउमध्ये निघायची.

बोल्टांच्या ढिगांबद्दल मला वेगळं सांगायचंय. आटे जुळले म्हणजे बोल्ट जुळला असं नाही. डोक्यावरचे आकडे वाचा. एमएम बोल्टावर ८.८, १०.९, १२.९ असं कोरलेलं असतं. पहिला आकडा तुटेपर्यंतची ताकद (८ म्हणजे ८०० मेगापास्कल), दुसरा सांगतो की त्याच्या किती भागाला बोल्ट कायमचा ताणला जातो (.८ म्हणजे ८० टक्के). सुती बोल्टावर आकडे नसतात, रेघा असतात. तीन रेघा म्हणजे ग्रेड ५, सहा रेघा म्हणजे ग्रेड ८. डोकं कोरं असेल तर तो बोल्ट गेटाला, पत्र्याला लावा. फ्लायव्हीलला लावू नका.

फ्लायव्हीलचे आणि क्लचचे बोल्ट जुने वापरूच नयेत असं माझं मत. जीपच्या फ्लायव्हीलचा बोल्ट तुटला तर ते चाक पायापासून वितीभर अंतरावर फिरत असतं, हे लक्षात असू द्या.

बेल हाउसिंग ॲल्युमिनियमचं असेल तर बोल्ट किती खोल जातो तेही मोजा. पोलादात जाडीइतकी खोली पुरते, ॲल्युमिनियममध्ये दीडपट ते दुप्पट हवी. एम १० असेल तर किमान १५ मिमी आटे पकडायला पाहिजेत. आणि टॉर्क पाना वापरा. एम १०, ८.८ ग्रेड, साधारण ४५ ते ५० न्यूटन-मीटर. 'हाताला कळतं' हे ऐकायला छान आहे.

साडेतीन_सूत
आमच्या हाताला कळतं हो ताई. पण पोराच्या हाताला कळत नाही, तेव्हा तुमचं मान्य.

निफाडकर
क्लचचं राहिलं. क्लच प्लेटचा मधला भाग गिअरबॉक्सच्या शाफ्टचा, म्हणजे स्प्लाइन (शाफ्टवरच्या लांब खाचा) मोजून जुळले पाहिजेत. बाहेरचा भाग आणि प्रेशर प्लेट फ्लायव्हीलच्या मापाची. दोन्ही एकाच तयार प्लेटमध्ये मिळाले तर देव पावला. नाहीतर एका प्लेटचा मधला हब दुसऱ्या प्लेटला रिव्हिट करून देणारे कारागीर आहेत. द्वारकेच्या बाजूला विचारा.

फ्लायव्हीलची रिंग आणि सेल्फचं पिनियन ही पण जोडी आहे. जुन्या विलीजमध्येच ९७ दात्यांची रिंग सापडते आणि १२४ दात्यांचीही. पिनियन चुकीचं लागलं तर सेल्फ दोन दिवस कुरकुर करतो आणि तिसऱ्या दिवशी रिंग खातो.

बाकी पेट्रोलवरून डिझेलवर जाताना हमखास विसरायच्या गोष्टी: डिझेलला टाकीत परतीची नळी लागते, तुमच्या टाकीला ते भोकच नसेल. एक्सडीपीला हीटर प्लग लागतात, त्यांची वेगळी जाड वायर आणि रिले. आणि गाडी अजून ६ व्होल्टवर असेल तर आधी सगळी १२ वर आणा.

मळेकरी
१२ व्होल्ट काकांनी मागेच केलंय. परतीच्या नळीचं डोक्यातच नव्हतं! मिस्त्रीला विचारलं तर म्हणाला, "ते होऊन जाईल."

चक्रधर
डिफ्रन्शियलही बघा. सीजे ३बी ला मूळ ५.३८ चं असतं, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला प्रोपेलर शाफ्टचे ५.३८ फेरे. सोळा इंची बारक्या टायरवर इंजिन २५०० ला फिरत असताना गाडी टॉपमध्ये साधारण ६२ च्या वेगाने जाईल. मळ्यात उत्तम, पण हायवेला डिझेल बोंबलत राहणार. ४.२७ घातलं तर तेवढ्याच फेऱ्यांत ७८ मिळतात. पण ते बदलायचं तर पुढचं-मागचं दोन्ही बदला. एकच बदललेलं असताना फोर व्हील टाकलंत तर ट्रान्सफर केसचे (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या पेटीचे) तुटलेले दात मोजायला बसाल.

पेठरोड_पर्यटक
सगळे बोल्टांत रमलेत, कागदांचं कुणी बोलत नाही. एका गाडीसाठी आरटीओला इतक्या खेपा घातल्यात की तिथला चहावाला मला नावाने हाक मारतो.

पेट्रोलचं डिझेल करणं हा मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली बदल ठरतो. आधी परवानगी, मग काम, मग आरसीवर नव्या इंजिनाचा नंबर आणि इंधन. उलट क्रमाने गेलात तर अडकाल. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळच्या एका प्रकरणात कंपनीच्या मूळ नमुन्यापासून गाडी बदलण्यावर बरंच कडक म्हटलंय, तेव्हापासून कार्यालयंही सावध असतात. म्हणून मिस्त्रीच्या शब्दावर न जाता आधी कार्यालयात लेखी विचारा.

आणि हाफ इंजिनाचं बिल आहे का? ज्या गाडीतून काढलं तिचे कागद? ब्लॉकवरचा नंबर घासलेला तर नाही? आरसीवरचा नंबर एक आणि गाडीत दुसरा असला की अपघातानंतर विमा कंपनी सगळ्यात आधी तेच बघते.

गोदाकाठी
हेच मला सुचत होतं. पन्नास वर्षांवरच्या गाड्यांना २०२१ पासून व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी मिळते ना? इंजिन मूळ ठेवलं तर जीप त्यात बसेल.

पेठरोड_पर्यटक
बसेल, पण मळेकऱ्यांच्या कामाची नाही. फी वीस हजार, मुदत दहा वर्षं. आणि व्हिंटेज नोंदलेली गाडी रोजच्या रस्त्यावर चालवता येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणं एवढंच. यांना तर क्रेट भरून पिंपळगावला जायचंय.

टिवल्याबावल्या
द्राक्षांचं प्रदर्शन भरवायला जातोय म्हणायचं.

निफाडकर
अवांतर: अंबड लिंक रोडचा भंगार बाजार होता तेव्हा असल्या गोणीतल्या एकेका बोल्टाचा जोडीदार शोधून मिळायचा. महापालिकेने तो उठवल्यापासून मी कुर्ल्याला जातो. कसारा उतरून एका स्टडसाठी जायचं आणि येताना चार भलत्याच वस्तू घेऊन यायचं. घरी बायको पिशवी बघूनच विचारते, "स्टड मिळाला का?" मिळालेला नसतो.

ओझरची_लेक
आटे गेलेल्या भोकात हेलिकॉइल (नवे आटे देणारी तारेची गुंडाळी) बसवता येते, जोडीदार शोधत हिंडायची गरज नाही. बेल हाउसिंगला एक बाजू एमएम आणि एक बाजू सुती असेल तर दोन टोकांना दोन आटे असलेला स्टड करून घ्या, पण नटाच्या टोकाला रंग लावा. पुढच्या मिस्त्रीला काय माहीत कुठल्या बाजूला कोणता नट ते. आणि तो पुढचा मिस्त्री बहुतेक वेळा आपणच असतो, पाच वर्षांनी.

मळेकरी
मंडळी, दोन रविवार घालवले. अहवाल देतो.

गोणीत १४३ नग निघाले. एमएम ६१, सुती ५७, बाकी संशयित. डोक्यावर ग्रेड असलेले फक्त २६. साडेतीन काका, ज्यांना मी फ्लायव्हीलचे समजत होतो ते सहाही कोरे निघाले.

मिस्त्रीने मध्यंतरी माझ्या नकळत प्लेट करून आणलीच होती. चुलतभाऊ कारखान्यात आहे, त्याचं डायल गेज आणून वर सांगितल्याप्रमाणे फेरा फिरवला. काटा २८ थाउ हलला. पुन्हा केलं, २७. डॉवेल नाहीत. मिस्त्रीला दाखवलं तर तो बराच वेळ काट्याकडे बघत बसला आणि म्हणाला, "हे यंत्र बारीक खोट काढतं."

त्याच दिवशी जुना ब्लॉक टेम्पोत घालून सातपूरला एका म्हाताऱ्या लेथवाल्याकडे नेला. त्याने रंगद्रव्य फवारून तडा नीट दाखवला. सीटपासून सिलिंडरच्या भिंतीपर्यंतच आहे, खाली पाण्याच्या बाजूला पसरलेला नाही. या इंजिनांना तिथेच जातो म्हणाला, असे बरेच बघितलेत. सीट कापून नवी बसवायची, त्या सिलिंडरला लायनर (आतली नवी नळी), बाकीचे तीन बोअर करायचे. पाणी पीत होती ते बहुतेक हेड गॅस्केटमुळे, हेड दीड-दोन केसांइतकं वाकलंय.

निफाडकर
म्हणजे?

मळेकरी
म्हणजे पेट्रोलच ठेवतोय.

टिवल्याबावल्या
आम्ही इथे सूत, थाउ, ग्रेड, कलम ५२ सगळं पाठ केलं आणि मुलीकडचे म्हणतात पत्रिका नको!

गोदाकाठी
आधण ठेवायला सांगते.

चक्रधर
निर्णय पटला. २८ थाउ म्हणजे माझ्यापेक्षा वाईट, आणि माझा गिअरबॉक्स तीन महिने टिकला होता.

साडेतीन_सूत
चांगलं केलंस. पण मूळ इंजिन ठेवलं म्हणून जुळवणी संपली असं समजू नकोस. या इंजिनाच्या फ्लायव्हीलला सहा बोल्ट असतात, त्यातले दोन टेपर डॉवेल बोल्ट. तेच फ्लायव्हीलची जागा ठरवतात. काढताना कुठले कुठल्या भोकातले त्याची खूण कर. क्रँक किंवा फ्लायव्हील बदललं तर ते टेपर जुळत नाहीत, मग भोकं रीमर मारून मोठी करून सरळ, घट्ट बसणारे डॉवेल घालतात. सातपूरच्या म्हाताऱ्याला हे नक्की माहीत असेल. माहीत नसेल तर ब्लॉक परत आण.

बोअर केल्यावर पिस्टन आधी हातात घे, मग त्याच्या मापाने बोअर करायला सांग. ओव्हरसाइज ऐकून बोअर करून ठेवायचा आणि मग पिस्टन शोधत कुर्ल्याला जायचं, हे निफाडकरांवर सोड.

मळेकरी
काका, विचारलं. टेपर बोल्टांचं नाव काढल्यावर म्हाताऱ्याने पहिल्यांदा माझ्याकडे वर मान करून बघितलं आणि म्हणाला, "कुणी सांगितलं तुम्हाला?" ब्लॉक तिथेच ठेवलाय.

डिझेल हाफ इंजिन विकायचंय. बिल आहे, नंबर स्वच्छ वाचता येतो.

निफाडकर
माझ्या ५४० ला ब्लॉक हवाच होता. त्या गोणीतले बोल्ट पण येणार का?

मळेकरी
६१ येतील. डबीत भरून वर 'एमएम' अशी चिठ्ठी लावलीय. सुती माझे. संशयित टिवल्याला.

निफाडकर
रविवारी टेम्पो घेऊन येतो. व्हर्नियर पण आणतो.